दार ते खुर्ची: कार नसताना ठाणे-नवी मुंबईतून लांबच्या नोकरीचा हिशेब

नव्या नोकरीची मुलाखत बहुधा साडेअकरा-बाराला असते. त्या वेळी ठाण्याहून निघणाऱ्या गाडीत बसायला मिळतं, कुर्ल्याला बाहेर पडल्यावर रिक्षा उभीच असते आणि बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) ऑफिस ‘तसं काही लांब नाही’ असं वाटून जातं. परतताना दुपारचे दोन वाजलेले असतात, तेव्हाही गाडीत गर्दी नसते. या दोन फेऱ्यांच्या भरवशावर होकार दिला जातो आणि रुजू झाल्यावर पहिल्या सोमवारी खरा प्रवास कळतो.

पगारवाढ आणि प्रवास यांची तुलना करताना बहुतेकांचा हिशेब लोकलभोवती फिरतो. खरं तर कार नसलेल्या माणसाच्या प्रवासात लोकल हाच सगळ्यांत भरवशाचा भाग. ठाणे ते कुर्ला फास्टने साधारण २२ ते २५ मिनिटं, ठाणे ते वाशी अर्धा तास. गर्दी असो वा नसो, आकडा फारसा हलत नाही. हलतात ती दोन टोकं: घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून ऑफिस. घोडबंदर रोडवरचे चार-पाच किलोमीटर कधी पंधरा मिनिटांत होतात, कधी पन्नास. म्हणून निर्णय घ्यायचा तो या टोकांवर.

आधी मोजा

गूगल मॅप्सवरचा वेळ सुरुवातीला पाहायला ठीक आहे. तो रिक्षाची रांग मोजत नाही आणि सुटलेली गाडीही मोजत नाही. मोजायचं ते घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत. रुजू होण्याआधी रजा काढून किमान दोन दिवस हा प्रवास नव्या नोकरीच्या वेळेवर करून पाहा: एकदा सोमवारी, एकदा मंगळवार ते गुरुवारच्या मधे. शनिवार, सणाच्या आसपासचे दिवस आणि शाळेच्या सुट्ट्या टाळा. जाताना पाठीवर रोजची बॅग घ्या, डब्यासकट. रिकाम्या हातांनी केलेली चाचणी फसवते, कारण डब्यात शिरणं आणि बॅग घेऊन डब्यात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबाइलमध्ये सहा वेळा टिपा: घरातून निघालात ती, वाहनात बसलात ती, फलाटावर पोहोचलात ती, गाडीत चढलात ती, स्टेशनाबाहेर आलात ती आणि ऑफिसच्या मजल्यावर पोहोचलात ती. फलाटावर पोहोचणं आणि गाडीत चढणं यांतलं अंतर म्हणजे तुम्हाला सोडाव्या लागलेल्या गाड्या. शेवटच्या दोन नोंदींत गेटवरची तपासणी आणि लिफ्टची रांग येते. मोठ्या आयटी पार्कात साडेनऊच्या सुमारास एवढ्यातच दहा मिनिटं जाऊ शकतात.

परतीचा प्रवास वेगळा मोजा. ऑफिस सहाला सुटत असेल तर मोजणी साडेसहाला सुरू करा. सहाच्या ठोक्याला उठणारी ऑफिसं फार थोडी. सकाळच्या वेळेची दुप्पट करून दिवसाचा आकडा काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. संध्याकाळी ठाणे पश्चिमेला उतरल्यावर घोडबंदरकडच्या शेअर रिक्षांची आणि सॅटिसवरच्या (स्टेशनाबाहेरच्या उंच बसथांब्यावरच्या) टीएमटी, म्हणजे ठाणे पालिकेच्या, बसची रांग लागलेली असते, सकाळी तुमच्या सोसायटीसमोर ती नसते.

आता दोन आकडे लिहून ठेवा. नेहमीच्या दिवसाचा आकडा पैशांच्या हिशेबाला लागेल. वाईट दिवसाचा आकडा घरातून कधी निघायचं हे ठरवायला लागेल. दोहोंत अर्ध्या तासाहून जास्त फरक पडत असेल तर तो प्रवास सरासरीपेक्षा बराच जास्त त्रासाचा आहे, कारण रोज वाईट दिवस गृहीत धरूनच निघावं लागतं.

कोणत्या वाटेवर काय अडतं

ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या बाजूची नोकरी कागदावर जवळची असते. ट्रान्स हार्बरच्या (ठाणे ते वाशी-पनवेल मार्गाच्या) गाड्या ठाण्याहूनच सुटतात, त्यामुळे एक गाडी सोडून पुढे उभं राहिलं की पुढच्या गाडीत बसायला मिळण्याची शक्यता असते. पण कल्याण-डोंबिवलीकडून येणारे लोकही इथेच गाडी बदलतात, त्यामुळे सकाळी नऊ-दहा नंबरच्या फलाटांकडे उतरणाऱ्या पुलावरच गर्दी अडते. तिथली पाच-सात मिनिटं धरा. संध्याकाळी उलटं होतं: ऐरोलीला गाडी वाशी किंवा पनवेलहून भरून आलेली असते.

इथे ऑफिस नेमकं कुठे आहे यावर सगळं ठरतं. ऐरोलीचं माइंडस्पेस आयटी पार्क म्हटलं की ईस्ट की वेस्ट हे आधी विचारा. ईस्ट ऐरोली स्टेशनाला लागून आहे, वेस्टसाठी पुढे वाहन लागतं. महापेला स्टेशनच नाही. घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून एनएमएमटीची (नवी मुंबई पालिकेची) बस नाहीतर शेअर रिक्षा पकडावी लागते आणि एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर कंपनी असेल तर रिक्षा मुख्य नाक्यावर सोडून देते. रेल्वे बंद पडली तर ठाण्याहून कळवा-विटावामार्गे रस्ता आहे, पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जोराच्या पावसात पाणी भरतं. दुसरी वाट मुलुंड पूर्वेहून ऐरोली पुलावरून.

ठाणे ते बीकेसी हा सगळ्यांत जास्त फसवणारा प्रवास. कुर्ल्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. कुर्ला पश्चिमेला उतरल्यावर बीकेसीच्या शेअर रिक्षा आणि बेस्टच्या बस दोन्ही मिळतात. अंतर थोडं असलं तरी सकाळी रांग आणि एलबीएस मार्गाची कोंडी धरून अर्धा तास जातो. काही जण शीवला उतरून जातात. दोन्ही वाटा एकेकदा मोजा. परतताना कुर्ल्याला कल्याण किंवा कर्जत फास्टमध्ये चढण्याचा हट्ट धरू नका. त्या गाड्या सीएसएमटी आणि दादरहून भरून येतात, शिवाय ठाण्याला आतल्या माणसाला दारापर्यंत यायला मिळत नाही. ठाण्यालाच संपणारी स्लो लोकल दहा-बारा मिनिटं जास्त घेते, पण रोज जमते. परतीची नोंद याच गाडीने करा.

अंधेरी पूर्वेकडे जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो वन. वर्सोव्यापर्यंतचा सगळा मार्ग २१ मिनिटांचा आहे, त्यामुळे मेट्रोतल्या वेळाची काळजी नको. घाटकोपरला रेल्वेच्या पुलावरून मेट्रोच्या तपासणीपर्यंत जी रांग लागते ती मोजा. पवईसाठी कांजूरमार्ग. लोअर परळसाठी करी रोडला उतरून चालत जाणं बऱ्याच ऑफिसांना सोयीचं पडतं, मात्र करी रोडला फास्ट थांबत नाही. दादरला पश्चिम रेल्वेची गाडी बदलण्याआधी स्लोने सरळ जाऊन पाहा. गाडी बदलताना वाचलेली दहा मिनिटं दादरच्या पुलावरच खर्च होतात.

नवी मुंबईकरांची गोष्ट वेगळी. हार्बरवर फास्ट गाडी नाही. बेलापूर-खारघरहून सीएसएमटीकडे जायचं तर प्रत्येक स्टेशन घेत जावं लागतं. वांद्रे किंवा अंधेरीला जाणाऱ्या थेट गाड्या मोजक्या, एरवी वडाळा रोडला बदल. त्या थेट गाडीच्या भरवशावर नोकरी धरत असाल तर ती चुकली की काय होतं, तेही एक दिवस मोजा. उलवे, द्रोणागिरी, उरण या बाजूला घर असेल तर बंदर मार्गाचं (नेरूळ-बेलापूर ते उरण) वेळापत्रक छापून दाराला लावण्याजोगं आहे: उरणपर्यंतची गाडी जानेवारी २०२४ पासून धावते खरी, पण फेऱ्या इतक्या विरळ आहेत की एक चुकली की पाऊण-एक तास गेला. दक्षिण मुंबईतल्या ऑफिससाठी नेरूळ आणि खारघरहून अटल सेतूमार्गे मंत्रालयाकडे एनएमएमटीची वातानुकूलित बस जाते. तिच्याही फेऱ्यांच्या वेळा तुमच्या शिफ्टशी जुळतात का ते आधी पाहा. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही, तेव्हा स्कूटर घेऊन वेळ वाचवू हा विचार तिथे चालत नाही. तळोजा बाजूची नोकरी असेल तर बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. खारघरच्या आतल्या सेक्टरांतून ती उपयोगाची. पेंधरच्या पुढे एमआयडीसीत मात्र पुन्हा रिक्षा.

आणि एक. बांधकाम चालू असलेली मेट्रो हिशेबात धरू नका. घोडबंदर रोडवर मेट्रो चारचे खांब उभे आहेत म्हणून ‘पुढच्या वर्षी सोपं होईल’ असं समजून घेतलेले निर्णय फसलेले आहेत. फलाटावर उभं राहून तिकीट काढता येईल त्या दिवशी आकडा बदला.

पैसे आणि तास एकाच कागदावर

दोन्ही नोकऱ्यांचा हातात येणारा पगार घ्या, पॅकेज नव्हे. पॅकेजमध्ये मालकाचा पीएफ (मूळ पगाराच्या १२ टक्के), ग्रॅच्युइटी (सुमारे ४.८१ टक्के), व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, हमी नसलेला भाग) आणि कधी कधी विम्याचा हप्ताही मिसळलेला असतो. व्हेरिएबल महिन्याच्या हिशेबात शून्य धरा. प्रोफेशन टॅक्सचे २०० रुपये आणि फेब्रुवारीतले ३०० दोन्हीकडे बहुधा सारखेच कापले जातात, ते सोडून द्या. कमी पगाराच्या नोकरीत एक गोष्ट मात्र तपासाच: सध्याचा ग्रॉस २१,००० च्या आत असेल तर घरच्यांना ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा योजनेचे) उपचार मिळतात, नवी नोकरी त्याच्या वरची असेल तर ते बंद होतात. तेवढ्याचा कुटुंबाचा विमा घ्यायला काय लागेल तो आकडा खर्चात धरा.

आता एक उदाहरण. कासारवडवलीत राहणारी व्यक्ती, सध्याची नोकरी वागळे इस्टेटमध्ये, हातात ३४,००० रुपये. नवी ऑफर बीकेसीत, हातात ४६,०००. दोन्हीकडे दिवसाचे नऊ तास आणि महिन्याला २४ दिवस.

सध्याचा प्रवास एका बाजूने ४५ मिनिटं, म्हणजे दिवसाला साडेदहा तास, महिन्याला २५२ तास. जाण्यायेण्याला दिवसाला ६० रुपये, महिन्याला १,४४०. उरतात ३२,५६०. तासाला सुमारे १२९ रुपये.

नव्या नोकरीचा प्रवास एका बाजूने दोन तास. दिवस तेरा तासांचा, महिना ३१२ तासांचा. दोन्ही टोकांच्या बस-रिक्षाला दिवसाला १५०, घरून डबा जमत नाही म्हणून चहा-नाश्त्याला वाढीव ६०, शिवाय पास आणि किरकोळ ५६०. महिन्याचा खर्च ५,६००. उरतात ४०,४००. तासाला १२९ रुपये आणि काही पैसे.

बारा हजारांची वाढ, आणि तासाचा दर जिथल्या तिथे! नोकरी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. महिन्याला ६० तास जास्त देऊन ७,८४० रुपये मिळतात, म्हणजे तासाला साधारण १३१ रुपये. हे साठ तास एरवी तुम्ही कशाला वापरता हा प्रश्न घरात बसून सोडवायचा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्या तासांसाठी बाई ठेवावी लागेल का, आणि तिचा पगार किती, हेही खर्चात मांडा.

याच ऑफरमध्ये एक गोष्ट बदलून पाहा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर महिन्याचे २२ दिवस होतात. तास २८६, खर्च ५,१८०, दर १४२ रुपयांच्या वर. त्यात महिन्याला नऊ दिवस घरून काम मिळालं, म्हणजे आठवड्याला साधारण दोन दिवस, तर ऑफिसला जाणं तेरा दिवस. तास २५०, खर्च ३,२९०, दर जवळपास १७१. सध्याच्या नोकरीपेक्षा दोन तास कमी आणि हातात दहा हजार जास्त. एचआरशी बोलताना आणखी तीन हजार मागण्यापेक्षा हे नऊ दिवस मागणं कितीतरी जास्त फायद्याचं ठरतं. ही आकडेमोड त्यासाठीच करायची.

रिक्षाचा खर्च धरताना एक सावधगिरी. शेअर रिक्षाचा सीटचा दर मिळतो तो स्टँडवर आणि गर्दीच्या वेळी. रात्री नऊनंतर बऱ्याच ठिकाणी शेअर मिळत नाही, मीटर पडतो: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये, मध्यरात्रीनंतर पाचपर्यंत २५ टक्के जास्त. आठवड्यातून दोन दिवस उशीर होणार असेल तर ते दोन दिवस मीटरने लिहा.

सही करण्याआधी काय विचारायचं

पहिला प्रश्न वेळेचा. नऊऐवजी साडेदहाला सुरुवात चालेल का? ठाण्याहून साडेआठची गाडी धरली काय आणि दहाची काय, एकूण प्रवासात वीस मिनिटांचाच फरक वाटतो, पण रिक्षाच्या रांगेपासून लिफ्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी तो पडतो. उलट सकाळी सातची पाळी असेल तर तीही वाईट नाही: जाताना रस्ते मोकळे, परतताना चारला गर्दी सुरू व्हायच्या आधी.

दुसरा प्रश्न लेट मार्कचा. किती मिनिटांची सूट, आणि तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात का? दहा मिनिटांची सूट असलेल्या ऑफिसला तीन वाहनं बदलून जायचं तर दोन गाड्या आधीची धरावी लागते. म्हणजे मोजलेल्या वेळेत आणखी पंधरा मिनिटं मिळवा.

घरून कामाचे दिवस तोंडी कबूल केले तर ते लेखी मागा. ‘टीमप्रमाणे बघू’ याचा अर्थ प्रोबेशनभर रोज या. ऑफर लेटरमध्ये नको म्हणाले तर निदान ईमेलवर घ्या. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) कंपन्यांची बस असेल तर थांबा, सुटण्याची वेळ, पगारातून होणारी कपात आणि ओव्हरटाइमनंतर बस असते का, हे चारही विचारा. पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत निघणारी बस जास्तीच्या कामाच्या दिवशी तुमच्या उपयोगाची नसते.

उशिराच्या पाळीत महिलांनी हेही पाहावं: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि संरक्षणासोबत घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते. ‘कॅब स्टेशनपर्यंत’ हे त्यात बसत नाही. पाळी नऊला सुटत असेल तर कायद्याची वेळ लागू होत नाही, पण घरी पोहोचायला अकरा वाजतात. अशा वेळी शेवटच्या टोकाचा रस्ता कोणता, त्यावर दिवे आहेत का, रिक्षा स्टँडवर त्या वेळी कोण असतं, हे रात्री एकदा जाऊनच कळतं.

पाऊस आणि रविवार

जून ते सप्टेंबर वेगळा धरा. मुख्य मार्गावर शीव-कुर्ला, हार्बरवर चुनाभट्टी-कुर्ला हे पाणी साचण्याचे जुने पट्टे आहेत. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली की तिथे गाड्या थांबतात. ऐरोली-घणसोलीला जाणारा माणूस अशा दिवशी बरेचदा पोहोचतो, बीकेसीला जाणारा अडकतो. हार्बरची मुंबईकडची बाजू बंद असताना वाशी-पनवेल आणि ठाणे-वाशी पट्टा अनेकदा चालू राहतो, म्हणून नवी मुंबईकराला ठाण्यामार्गे मुख्य लाइनचा पर्याय तपासता येतो. कंपनीला सरळ विचारा: रेल्वे बंद पडली तर घरून काम की रजा कापणार?

हॉटेल, मॉल, हॉस्पिटल, दुकान अशा रविवारच्या नोकऱ्यांत मेगाब्लॉक येतो, साधारण अकरा ते चारच्या दरम्यान. बाराला सुरू होणाऱ्या पाळीला अकराच्या आधीच पलीकडे पोहोचायला लागतं.

घर बदलण्याचा विचार असेल तर प्रोबेशन संपेपर्यंत थांबा. अकरा महिन्यांचा करार, एक महिन्याची दलाली, अनामत आणि सामान हलवणं हे सगळं करून सहा महिन्यांत नोकरी सुटली तर दोन्हीकडून फटका बसतो. तोवर आठवड्यातले तीन-चार दिवस नातेवाइकांकडे किंवा पीजीत राहून पाहता येतं.

पास

पहिल्या महिन्यात महिन्याचाच पास काढा. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट पडतो. बचत खरी आहे, पण रस्ता पक्का ठरल्यावर. कुर्ल्याऐवजी शीव, घाटकोपरऐवजी कांजूरमार्ग असा बदल पहिल्या तीन आठवड्यांत होतोच. गाडी बदलून जाणार असाल तर पासवर ‘व्हाया’ बरोबर छापून घ्या, उदाहरणार्थ डोंबिवली ते ऐरोली व्हाया ठाणे. चुकीच्या मार्गावर टीसीने धरलं तर किमान २५० रुपये दंड, वर भाडं. एसी लोकलचा पास असेल तर साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये चालतो; फर्स्ट क्लासच्या पासवर एसीत बसता येत नाही. तुमच्या वेळेला एसी लोकल दिवसात दोनदा तरी सापडते का ते वेळापत्रकात बघा. एकदाच सापडत असेल तर फर्स्ट क्लासचा पास घ्या आणि एखाद्या दिवशी एसीचं सुटं तिकीट काढा.